दोघांची गोल्फवारी : इनव्हरनेस ते डरनेस (चर्चेचा धागा; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचे टोपणनाव)

सावकाश

स्कॉटलंडला गोल्फ खेळायला जाणारी बहुतेक मंडळी सेंट अँड्र्यूजची वाट धरतात आणि त्यात गैर काही नाही. मात्र मित्राला बरोबर घेऊन, गाडीत किट टाकून, गावागावांत थांबत खेळायचे असेल, तर इनव्हरनेसच्या उत्तरेचा सदरलंड आणि केथनेस हा मुलूख मला अधिक सोयीचा वाटतो. मैदाने जवळजवळ आहेत, वस्ती विरळ आहे, आणि जून महिन्यात रात्री दहा वाजून गेल्यावरही चेंडू दिसेल एवढा उजेड असतो. माझा एक जुना मित्र आणि मी नुकतेच त्या भागातून फिरून आलो. आमचा मार्ग पुढे देत आहे, परंतु ज्या मतावर चर्चा व्हावी असे वाटते ते आधी सांगून टाकतो. अशा प्रवासात नामांकित मैदान एकच निवडावे, आणि उरलेला वेळ ज्यांची नावे फारशी कोणाला ठाऊक नसतात अशा गावच्या मैदानांना द्यावा.

आमचे ते एक मैदान म्हणजे रॉयल डॉर्नॉक. डॉर्नॉकमध्ये १६१६ साली गोल्फ खेळला जात असल्याची नोंद आहे. आजचा क्लब १८७७ सालचा, आणि १८८६ मध्ये त्या काळचे नामवंत गोल्फपटू आणि मैदानरचनाकार ओल्ड टॉम मॉरिस यांनी तेथे मैदानाची आखणी केली. पुढे अमेरिकेत पाइनहर्स्ट क्रमांक दोनसारखी मैदाने घडवणारे डोनाल्ड रॉस १८७२ मध्ये याच गावात जन्मले आणि १८९९ मध्ये अमेरिकेला गेले. पाइनहर्स्टच्या उंचवट्यावरच्या, कडांना उतरत्या ग्रीन (खळग्याभोवतीच्या अगदी बारीक गवताच्या जागा) ज्यांनी दूरचित्रवाणीवर पाहिल्या असतील, त्यांना त्यांचे मूळ डॉर्नॉकच्या दुसऱ्याच होलवर सापडेल. हा होल पार तीनचा, म्हणजे टीपासून (पहिल्या फटक्याच्या जागेपासून) खळग्यापर्यंत तीन फटक्यांत संपावा अशा अपेक्षेचा आहे आणि टीवरून अगदी निरुपद्रवी दिसतो. मित्राचा चेंडू ग्रीनच्या डाव्या कडेवर टेकला, जरासा रेंगाळला आणि उतारावरून घरंगळत खाली गेला. वेजने (चेंडू उंच उडवण्याच्या क्लबने, म्हणजे दांड्याने) वर उडवलेला पुढचा फटका ग्रीन ओलांडून पलीकडच्या उताराने उतरला. मग त्याने पटर (चेंडू जमिनीवरून ढकलण्याचा क्लब) काढला, पण जोर थोडा कमी पडला आणि चेंडू अर्ध्या चढावरून वळून त्याच्या बुटांपाशी येऊन थांबला. त्यानंतर आम्ही दोघांनीही त्या मैदानावर वेज फार जपून वापरली. समुद्रकाठच्या वाळूवर वाढलेले तेथील बारीक गवत आणि खालची टणक, कोरडी जमीन यांमुळे चेंडू पडतो कुठे यापेक्षा पडल्यावर धावतो कुठे याचाच विचार अधिक करावा लागतो, आणि ज्यांचा सारा सराव मऊ, पाणी घातलेल्या मैदानांवर झालेला असतो त्यांना हे अंगवळणी पडायला वेळ लागतो.

डॉर्नॉकच्या उत्तरेला ए नाइन रस्त्याने थोडे अंतर गेले की गोल्स्पी लागते आणि तेथून जवळच ब्रोरा आहे. गोल्स्पीच्या एकाच मैदानात समुद्राकाठची वाळू, हेदरच्या झुडपांचे माळ आणि झाडीतली फेअरवे (टी आणि ग्रीन यांमधली कापलेल्या गवताची पट्टी) असे तिन्ही प्रकार येतात. मागे बेन व्रॅगीच्या माथ्यावर सदरलंडच्या पहिल्या ड्यूकचा प्रचंड पुतळा दिसत राहतो. ज्यांच्या जमीनदारीत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हजारो कुळांना दऱ्यांतून उठवून किनाऱ्याला आणून बसवले, ते हे घराणे. आज रिकाम्या वाटणाऱ्या त्या सुंदर दऱ्या रिकाम्या का आहेत, हे माहीत करून घेऊनच त्या भागातून गाडी हाकावी असे मला वाटते.

ब्रोरा मात्र मनात घर करून राहिले. क्लब १८९१ सालचा असून मैदानाची आजची आखणी गोल्फपटू जेम्स ब्रेड यांनी १९२३ मध्ये केलेली आहे. समुद्राकाठाने नऊ होल जायचे आणि आतल्या बाजूने नऊ होल परतायचे, असा सरळ हिशेब आहे. या जमिनीवर स्थानिक शेतकऱ्यांचा चराईचा हक्क असल्यामुळे मेंढ्या आणि गुरे फेअरवेवर मोकळी चरतात. ती ग्रीनवर चढू नयेत म्हणून आम्ही गेलो तेव्हा प्रत्येक ग्रीनभोवती गुडघ्याएवढ्या उंचीवर बारीक प्रवाहाची तार लावलेली होती. पटर हातात घेऊन ती तार ओलांडताना पाय जरा जास्तच उंच उचलला जातो, आणि पलीकडे पोचल्यावर पुढचा पट (पटरचा हलका फटका) शांतपणे मारणे हे मोठे कौशल्य आहे. मेंढ्यांनी गवत असे कातरून ठेवलेले असते की रफमध्ये, म्हणजे कडेच्या वाढीव गवतात, गेलेला चेंडूही बहुधा सापडतो. दक्षिण ध्रुवाकडून येणारे आर्क्टिक टर्न पक्षी उन्हाळ्यात याच मैदानावर घरटी करतात. क्लबच्या चिन्हावरही तोच पक्षी आहे. त्यांच्या घरट्याजवळून गेलात तर ते थेट डोक्यावर झेप घेतात, म्हणून टोपी जवळ असू द्यावी.

ब्रोराहून आम्ही हेल्म्सडेलमार्गे केथनेसमध्ये शिरलो, थर्सोच्या पश्चिमेला रे येथे खेळलो आणि उत्तर किनाऱ्याने डरनेस गाठले. रे हे ब्रिटनच्या मुख्य भूमीवरचे सर्वांत उत्तरेचे अठरा होलचे लिंक्स (समुद्रकाठच्या वाळूवरचे) मैदान मानले जाते. त्याची सुरुवात पार तीनच्या लांबलचक होलने होते. अंग मोकळे झालेले नसताना, समोरून वारा असताना लांब फटक्याचा लाकडी क्लब काढून पार तीन खेळणे, हा सलामीचा अनुभव काही औरच आहे. डरनेसचे नऊ होलचे मैदान १९८८ मध्ये गावकऱ्यांनीच उभे केले. ग्रीन नऊ असल्या तरी टी अठरा आहेत, त्यामुळे दुसऱ्या फेरीत प्रत्येक होल वेगळ्या अंतरावरून आणि वेगळ्या कोनातून समोर येतो. शेवटचा फटका आत घुसलेल्या समुद्राच्या खाचेवरून मारायचा असतो. परतताना लॉक शिन या तळ्याच्या काठाने लेअर्ग आणि तेथून बोनर ब्रिज असा आतला रस्ता धरला. १९९१ मध्ये डॉर्नॉक फर्थ या खाडीवर पूल झाल्यापासून उत्तरेकडची रहदारी बोनर ब्रिजला वळसा देऊन जाते, आणि त्यामुळेच लॉक मिग्डेलजवळचे तेथील नऊ होलचे मैदान निवांतपणे खेळता येते.

बंकरवासी

मार्ग उत्तम आहे, परंतु आपल्या मूळ मताशी मी सहमत नाही. एवढा खर्च आणि एवढी रजा खर्ची घालून त्या भागात गेल्यावर नामांकित मैदान एकच खेळायचे, हा मला काटकसरीचा अतिरेक वाटतो. इनव्हरनेसच्या पूर्वेला नेअर्न आहे, जेथे १९९९ मध्ये हौशी पुरुष गोल्फपटूंचा वॉकर कप आणि २०१२ मध्ये हौशी महिलांचा कर्टिस कप झाला. २००९ मध्ये सुरू झालेले कॅसल स्टुअर्ट त्याच बाजूला आहे, आणि २०१३ मध्ये अमेरिकन गोल्फपटू फिल मिकल्सन यांनी स्कॉटिश ओपन तेथेच जिंकली. डॉर्नॉकच्या अलीकडे टेन आहे, तेही ओल्ड टॉम मॉरिस यांच्या हातचे. उजेड रात्री दहापर्यंत टिकतो असे आपणच म्हणता, मग सकाळी एक आणि दुपारनंतर एक अशा दोन फेऱ्या केल्या तर यातले काहीही सोडावे लागत नाही. मैदान ज्या दर्जाचे असते, आठवणही त्याच दर्जाची राहते, असा माझा तरी अनुभव आहे.

सावकाश

टेन मी नामांकितांच्या यादीत धरत नाही. ते अवश्य खेळावे, आणि तेथून ग्लेनमोरँजी व्हिस्कीची भट्टी जवळ असल्यामुळे एकाला गाडी चालवावी लागणार, हा वाद आधीच मिटवून ठेवावा. नेअर्न आणि कॅसल स्टुअर्टच्या दर्जाबद्दलही दुमत नाही. माझा आक्षेप रोज छत्तीस होलला आहे. समुद्रकाठच्या वाऱ्यात किट ओढत अठरा होल चाललात की आठ-दहा किलोमीटर सहज होतात. त्यावर पुन्हा अठरा होल आणि त्यानंतर अनोळखी, अरुंद रस्त्यावर गाडी, असे केल्यास तिसऱ्या दिवशी मित्र एकमेकांशी फक्त दिशा विचारण्यापुरते बोलू लागतात. दुसरी फेरी करायचीच असेल तर ती संध्याकाळी, नऊ होलच्या मैदानावर, अर्ध्या संचानिशी करावी.

दर्जाच्या मुद्द्याबद्दल एवढेच म्हणेन की रॉयल डॉर्नॉकची फी शेकडो पौंडांत जाते, वेळ कित्येक महिने आधी ठरवावी लागते, हँडिकॅपचा (खेळाडूच्या कुवतीनुसार मिळणाऱ्या फटक्यांच्या सवलतीचा) दाखला बरोबर ठेवावा लागतो आणि पुढच्या-मागच्या गटांत ठरावीक मिनिटांचे अंतर असते. त्या दिवशी आपण चांगलेच खेळायला हवे असे मनावर दडपण येते. असे दडपण एक दिवस सुखावते, रोज सोसवत नाही. बोनर ब्रिजला याउलट आमच्या मागे कोणीच नव्हते, म्हणून एका होलवर मित्राने वाऱ्याविरुद्ध सहा नंबरच्या आयर्नने (लोखंडी क्लबने) बुटका फटका कसा मारायचा हे चार चेंडू टाकून घोटून घेतले.

उत्तरायण

मी त्या भागात अनेक वर्षे गाडी चालवत आहे, म्हणून रस्त्यांबद्दल थोडे लिहितो, कारण धाग्यात त्याचा उल्लेख ओझरता आला आहे. इनव्हरनेस ते थर्सो हा ए नाइन दुपदरी आणि सोपा आहे. हेल्म्सडेलच्या पुढे बेरिडेलपाशी तेवढा तीव्र चढउतार लागतो. थर्सो सोडून पश्चिमेला जसजसे जाल तसतसा रस्ता आक्रसत जातो, आणि डरनेसच्या आसपास तसेच लॉक शिनकडे येताना लांबच लांब पट्टे एकाच गाडीपुरते आहेत. ठरावीक अंतरावर गाड्यांना एकमेकांना वाट देण्यासाठी रस्त्याला फुगवटे केलेले असतात आणि तेथे पाटी असते. फुगवटा आपल्या डाव्या हाताला असेल तर त्यात शिरून थांबावे. उजव्या हाताला असेल तर आपण आपल्याच बाजूला रस्त्यावर थांबायचे आणि समोरच्याला त्यात शिरू द्यायचे. उजवीकडच्या फुगवट्यात आपण घुसणे चुकीचे आणि धोक्याचेही आहे. मागून येणाऱ्याला पुढे जाऊ देण्यासाठीही हीच जागा वापरावी, कारण तो बहुधा कामावर निघालेला स्थानिक माणूस असतो. छायाचित्रे काढण्यासाठी तेथे गाडी उभी करून निघून जाणे हा प्रकार, २०१५ मध्ये नॉर्थ कोस्ट फाइव्ह हंड्रेड या नावाने हा मार्ग गाजू लागल्यापासून, गावकऱ्यांच्या रागाचे मोठे कारण झाला आहे. वाट देणाऱ्याला हात उंचावून दाद देण्याची रीत मात्र सगळे पाळतात.

मेंढ्यांना रस्ता हे झोपण्याचे कोरडे ठिकाण वाटते. कोकरू एका बाजूला आणि त्याची आई दुसऱ्या बाजूला दिसली तर कोकरू आडवे धावणारच असे गृहीत धरावे. भारतीय परवान्यावर पाहुण्यांना तेथे बारा महिन्यांपर्यंत मोटार चालवता येते आणि वाहतूक डावीकडूनच आहे. भाड्याच्या गाड्या बऱ्याचदा हाताने गिअर बदलण्याच्या असतात, त्यामुळे स्वयंचलित गाडी हवी असल्यास तसे आधी सांगावे. मद्याची मर्यादा स्कॉटलंडमध्ये डिसेंबर २०१४ पासून शंभर मिलिलिटर रक्तात पन्नास मिलिग्रॅम अशी आहे, म्हणजे इंग्लंडच्या ऐंशीपेक्षा बरीच कडक. भट्टीला भेट देणाऱ्या चालकांना ती चव पाहण्याची व्हिस्की छोट्या बाटलीत घालून देण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे, ती विचारून घ्यावी.

लेखणीबहाद्दर

माझा प्रश्न खेळाचा नसून मैत्रीचा आहे. माझा मित्र हँडिकॅप आठचा खेळाडू आहे आणि मी चोवीसच्या आसपास घोटाळतो. एखादी फेरी एकत्र खेळतो तेव्हा चालून जाते, परंतु रोज त्याचे ऐंशी आणि माझे शंभरच्या पुढे असे आकडे लिहीत गेलो तर प्रवासाचा आनंद मला किती राहील याची शंका वाटते. त्याला तरी माझी वाट पाहण्याचा कंटाळा येणार नाही काय?

सावकाश

आकडे लिहूच नयेत, हे पहिले उत्तर. दोघांच्या प्रवासाला मॅच प्ले हाच खरा प्रकार आहे. प्रत्येक होल स्वतंत्र असतो. जो कमी फटक्यांत संपवेल तो होल त्याचा, आणि नऊ फटके लागले काय किंवा सहा लागले काय, गमावला तो एकच होल. तुमच्या उदाहरणात मैदानाप्रमाणे काढलेल्या दोघांच्या हँडिकॅपमधला फरक सोळाचा आला असे धरू. एकास एक मॅच प्लेमध्ये शिफारस पूर्ण फरकाची आहे, म्हणून स्कोअरकार्डावर स्ट्रोक इंडेक्स (होलच्या अवघडपणाचा क्रम) एक ते सोळा असलेल्या होलवर तुम्हाला एकेक फटका मिळेल. त्याचे चार आणि तुमचे पाच झाले तर तो होल बरोबरीत सुटेल. फक्त सतरा आणि अठरा इंडेक्सचे दोन होल तुम्हाला त्याच्याशी समोरासमोर खेळावे लागतील. होल हातचा गेला असे दिसले की चेंडू उचलावा आणि पुढे चालू लागावे, त्यामुळे वाट पाहण्याचा प्रश्नही निकालात निघतो.

दुसरे असे की संपूर्ण प्रवासाचा एकच सामना ठेवावा. आमच्यात रोजच्या विजयाला एक गुण होता आणि रात्रीच्या जेवणाचे बिल त्या दिवशी हरणाऱ्याने द्यायचे होते. मित्राला खेळाच्या ओघात दोन फुटांचे पट सहज माफ करण्याची, म्हणजे न मारताच आत गेले असे धरण्याची, सवय आहे. बिलाचा प्रश्न आल्यापासून ती हळूहळू आटली आणि रे येथे तर हातभर अंतरावरचा पट त्याने माझ्याकडून मारून घेतला. आणखी एक नियम आम्ही निघतानाच केला होता, तो असा की गाडीत कोणी कोणाच्या स्विंगबद्दल (क्लब फिरवण्याच्या ढबीबद्दल) बोलायचे नाही. मैदानावर विचारले तर सांगावे, न विचारता तेथेही सांगू नये. अर्ध्या-अर्ध्या दिवसाचा सहवास असतो तेव्हा हा नियम हँडिकॅपच्या गणितापेक्षा अधिक उपयोगी पडतो.

बंकरवासी

येथे मी पूर्ण सहमत आहे, फक्त एक पर्याय सुचवतो. काही जोड्यांना थेट सामना मानवत नाही. हरणारा गप्प होतो आणि जिंकणारा अवघडतो. त्यांनी स्टेबलफोर्ड पद्धतीने खेळावे. डॉ. फ्रँक स्टेबलफोर्ड यांची ही पद्धत १९३२ मध्ये वॉलसी येथील स्पर्धेत वापरली गेली आणि तेथून जगभर पसरली. हँडिकॅपचा फटका वजा करून पार झाला तर दोन गुण, एक फटका जास्त लागला तर एक गुण, त्याहून जास्त लागल्यास शून्य. एखाद्या होलवर कितीही धूळधाण झाली तरी नुकसान मर्यादित राहते, आणि वाऱ्याच्या दिवशी ते फार मोलाचे ठरते. दोघांचे गुण एकत्र करून रोज ठरावीक बेरीज गाठायची असे ठरवले, तर दोघेही एका बाजूला येतात आणि सामना मैदानाशी होतो.

पाचवा गिअर

दोन पूर्ण किट, दोन बॅगा आणि छोटी गाडी यांचे गणित कसे जमवले? शिवाय मिज नावाच्या चिलटांबद्दल फार ऐकले आहे. आणि छोट्या मैदानांवर आधी कळवावे लागते का, की थेट जाऊन उभे राहिले तरी चालते?

सावकाश

मागची आसने पाडल्याशिवाय दोन पूर्ण किट छोट्या गाडीत मावत नाहीत. नियमाने चौदा क्लब चालतात म्हणून चौदा नेलेच पाहिजेत असे नाही. आम्ही हलक्या, खांद्यावरच्या पिशव्यांत निम्मेच क्लब नेले होते. समुद्रकाठी एका लाकडी क्लबने, तीन-चार आयर्नने, एका वेजने आणि पटरने काम भागते, कारण निम्मे फटके जमिनीलगतच मारावे लागतात. पावसाचा पोशाख आणि दोन जोड हातमोजे यांवर मात्र काटकसर करू नये.

मिज मे अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत असतात. ती वाऱ्यात टिकत नाहीत, त्यामुळे उघड्या किनाऱ्यावरच्या मैदानांवर त्रास जवळजवळ नाहीच. बोनर ब्रिजसारख्या आतल्या, झाडीच्या आणि तळ्याकाठच्या मैदानावर वारा पडलेली संध्याकाळ टाळावी, किंवा डोक्यावरची जाळी बरोबर ठेवावी.

छोट्या मैदानांवर आदल्या दिवशी दूरध्वनी करावा, विशेषतः गावातल्या सभासदांच्या स्पर्धेच्या संध्याकाळी पहिली टी अडलेली असते म्हणून. कित्येक ठिकाणी कचेरीत कोणी नसते. दाराशी पेटी आणि लिफाफे ठेवलेले असतात. लिफाफ्यावर नाव लिहून फीचे पैसे आत घालायचे, त्याचा फाडून ठेवायचा तुकडा पिशवीला अडकवायचा आणि खेळायला निघायचे. नोटा सुट्या ठेवाव्यात, कारण पेटी मोड देत नाही. ही मैदाने मूठभर सभासदांच्या आणि पाहुण्यांच्या पैशावर चालतात आणि गवत कापणाराही बऱ्याचदा गावातलाच स्वयंसेवक असतो, तेव्हा कोणी पाहत नाही म्हणून नऊ होलचे पैसे भरून अठरा खेळणे शोभत नाही.

फेअरवेवरून कुत्रा घेऊन कोणी जाताना दिसले तर रागावू नये. २००३ च्या जमीनविषयक कायद्याने लोकांना मैदान ओलांडून जाण्याचा हक्क दिलेला आहे. त्यांनी ग्रीनवर पाऊल ठेवू नये आणि आपण ते पलीकडे जाईपर्यंत थांबावे, एवढे दोन्ही बाजूंनी पाळले जाते.

उत्तरायण

या मार्गाला जोडून पुढच्या वेळी साउथ युइस्ट बेटावरचे ॲस्कर्निश घ्यावे असे सुचवतो. ओल्ड टॉम मॉरिस यांनी १८९१ मध्ये आखलेले ते मैदान काळाच्या ओघात वाळूच्या टेकड्यांत हरवले होते. २००५ मध्ये त्याचा माग लागला आणि २००८ मध्ये ते पुन्हा सुरू झाले. गावच्या मैदानांबद्दलचे आपले मत तेथे आणखी पक्के होईल.

सावकाश

ॲस्कर्निश मनात आहे, पण ते याच फेरीत कोंबू नये असे मला वाटते. डरनेसहून निघून स्काय बेटावरच्या उइगपर्यंत गाडी चालवायची, तेथून बोटीने नॉर्थ युइस्टच्या लॉकमॅडीला उतरायचे आणि बांधांवरच्या रस्त्याने बेनबेक्युला ओलांडून साउथ युइस्ट गाठायचे, यातच बराच वेळ जाईल. उन्हाळ्यात बोटीवर गाडीची जागा लवकर भरते, हवामान बिघडले तर फेरी रद्दही होते, म्हणून त्या बेटांना वेगळी रजा काढून आणि हाताशी एखादा मोकळा दिवस ठेवून जावे. आपण बोटीने गेला असाल तर कोणत्या महिन्यात जागा सहज मिळते, हे कृपया लिहावे.